घरजावयाचा फोन

‘हो’ आणि ‘नंतर बघू’ अशी दोन बटणं फोनवर दिसत होती. मी जन्मजात ‘नंतर बघू’ गटातला माणूस. (माझं लग्नसुद्धा बायकोने, लिताराने, ठरवलं. मी नंतर बघितलं.) पण त्या दिवशी आसेनातीबाई माझ्या टेबलाशी उभ्या होत्या, आणि त्या उभ्या असल्या की आमच्या ऑफिसात ‘नंतर’ हा शब्द कुणाच्या तोंडून फुटत नाही. मी मुकाट्याने ‘हो’वर बोट ठेवलं.

कारण होता माझा उजवा पाय. गेले कित्येक दिवस तो माझ्या ताब्यात नव्हता. मी बसलो की तो हलायला लागायचा, तो हलला की टेबल हलायचं, आणि टेबल हललं की शेजारच्या टेबलावरचा बाईंचा कोको बशीत यायचा. बाई आमच्या प्रमुख. सामोआच्या राजधानीत, अपियाच्या बंदराजवळ जहाजांतून उतरलेल्या मालाची नोंद ठेवण्याचं आमचं काम. तिथे कारकुनाने बूड टेकून बसावं एवढीच अपेक्षा असते, आणि मला नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

बाई म्हणाल्या, हे पायाचं दुखणं नाही, मनाचं आहे. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी फोनमध्ये एक समुपदेशक आणली आहे. कृत्रिम बुद्धी. बाईच्या आवाजात बोलते, पण बाई नव्हे. तिच्यापाशी मन मोकळं करायचं. “माणसाला सांगितलंस तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. हिला सांगितलंस तर तुझ्यात आणि तिच्यात राहतं,” असं म्हणून त्या आपला कोको घेऊन लांबच्या टेबलावर गेल्या.

मनात काय होतं ते तुम्हाला सांगून टाकतो. मी घरजावई आहे. आता घरजावई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ताटाभोवतीची रांगोळी आणि आग्रहाचं गोडधोड येत असेल, तर ते पुसून टाका. आमच्या सामोआत बायकोच्या गावी राहायला गेलेल्या नवऱ्याने सासरची सेवा करायची असते. रविवारी उजाडायच्या आत उठून दगड तापवायचे, त्या दगडांच्या भट्टीत, म्हणजे उमूत, तारोचे कंद आणि मासे भाजायचे, मोठी माणसं जेवायला बसली की पंख्याने माश्या वारायच्या आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं आपण खायचं. यात अपमान काही नाही. सगळेच करतात. पण आमचं फाले, म्हणजे राहतं घर, जुन्या पद्धतीचं आहे. गोल छप्पर, भोवती खांब आणि भिंत एकही नाही. मी कूस बदलली तर समोरच्या घरातली म्हातारी सकाळी विचारते, झोप लागली नाही का रे बाबा?

आणि त्यातच ऑफिसातला पेनी ऑकलंडला जायला निघाला. त्याचं अपियातलं भाड्याचं घर रिकामं होणार होतं. दोन खोल्यांचं, भिंती असलेलं, दाराला कडी असलेलं. तो म्हणाला, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सांग, नाहीतर दुसऱ्याला देतो. त्या दिवसापासून माझा पाय हलायला लागला. लिताराला घर हवंच होतं. पण तिने सरळ हात झटकले.

“आईबाबांना तू सांगायचंस,” ती म्हणाली. “मी सांगितलं तर आई रडेल आणि मी राहीन. तू सांगितलंस तर आई रडेल आणि मी येईन.”

म्हणजे सगळं माझ्या जिभेवर आलं, आणि सासऱ्यांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. सासरे पुलेआफा आमच्या गावाचे वक्ते. गावसभेत उभे राहून भाषण करायचं हा त्यांचा मान. त्यांचं भाषण सुरू झालं की बाळं झोपतात आणि झोपलेली बाळं उठेपर्यंत ते चालू असतं. त्यांच्यापुढे मी ‘आम्ही वेगळं राहतो’ म्हणायचं?

तेव्हा फोनातल्या बाईंना विचारावं, म्हणून ‘हो’ दाबलं त्याच संध्याकाळी बसमध्ये सुरुवात केली. तिचं पहिलंच वाक्य ऐकून मी गार झालो. ती आमच्या भाषेत, तेही सरदारांशी बोलतात तशा अदबीने बोलत होती. “आदरणीय फिलेमोनी, आपण आपलं मन निःसंकोच उघडावं.” सासरी मला ‘ए मोनी, पाणी’ याहून लांब वाक्य क्वचितच ऐकायला मिळतं. माझे डोळे पाणावले. तेवढ्यात बस भरली आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे एक जाडजूड मावशी येऊन माझ्या मांडीवर बसल्या. फोनने विचारलं, “आपल्याला कसलं ओझं जाणवतंय का?” मावशींनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन बंद करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी तिने सल्ला दिला: रोज थोडा वेळ एकांतात बसा. हा सल्ला ज्याने तिच्यात घातला, तो आमच्या गावात कधी राहिला नसावा. मी समुद्रकाठी जाऊन एकटा बसलो. आमच्याकडे एकटा बसलेला माणूस म्हणजे एकतर आजारी, नाहीतर त्याला भूत लागलेलं. त्याला तसाच सोडून जाणं माणुसकीला धरून नाही. त्यामुळे आधी एक मासेवाला येऊन शेजारी बसला, मग त्याचा भाऊ, मग चर्चच्या गायनातल्या तिघी. त्यांनी सोबत उकडलेली केळी आणली होती. माझा पाय हलत होता आणि सगळे सहानुभूतीने पायाकडे बघत होते. मग मी तारोच्या शेतात गेलो, तर मेहुणा तासी मदतीला धावत आला. शेवटी मच्छरदाणीत शिरून पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि कुजबुजत सुरुवात केली, तर सासूबाईंनी मच्छरदाणी उचलून कपाळाला हात लावून पाहिला.

घोळ झाला तो मात्र संध्याकाळच्या प्रार्थनेत. शंख वाजला की गावात रस्त्यावर कुणी चालत नाही, घरोघर लोक मांडी घालून प्रार्थनेला बसतात. आमच्याकडे पुलेआफा प्रार्थना सांगतात आणि ती त्यांच्या भाषणाचीच सख्खी बहीण असते. देवाचे आभार मानून झाले होते, शेजारच्या आजारी माणसांची नावं चालू होती. मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून बसलो होतो. आणि त्या शांततेत माझ्या खिशातून आवाज आला, “आदरणीय फिलेमोनी, आज आपलं मन कसं आहे?”

सगळ्यांचे डोळे उघडले. सासरे आजाऱ्यांच्या मधोमध थांबले. माझा पाय पहिल्यांदाच आपणहून थांबला. ओरडा खावा लागणार, या तयारीने मी फोन काढून चटईवर ठेवला. पण माझ्या सासूबाई, सापेता, जुन्या वळणाच्या. दारात आलेल्याने विचारपूस केली आणि आपण गप्प बसलो, हे त्यांना खपत नाही.

“त्याचं बरं आहे,” त्या फोनकडे वाकून म्हणाल्या. “तू कोण गं? कोणाची?”

“मी समुपदेशक आहे. आपल्याला भेटून आनंद झाला. आपला दिवस कसा गेला?”

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न सासूबाईंना कुणी विचारला नसावा. मग त्या मांडी सावरून बसल्या आणि सांगायला लागल्या. गुडघे, कोंबड्या, पाद्रीबाईंनी गायनात पुढची ओळ बळकावली ते, सगळं. फोन मधूनच म्हणायचा, “आणि तेव्हा आपल्याला कसं वाटलं?” की सासूबाई आणखी दुप्पट सांगायच्या. देवाला तोवर ताटकळत ठेवलं होतं. शेवटी त्यांना पाहुणीची आठवण झाली.

“मीच बोलत बसले. तुझं गाव कुठलं?”

“मला गाव नाही.”

“आईवडील?”

“मी माणूस नाही. मला कुटुंब नाही.”

आमच्याकडे माणसाचं घर जळतं, होडी बुडते, वादळात छप्पर उडतं. पण कुटुंबच नाही, असं कुणाचं ऐकलेलं नाही. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“अगं, यंत्र आहे ते,” पुलेआफा म्हणाले.

“असू दे ना. यंत्र झालं म्हणून काय, तिन्हीसांजेचं एकटं बसायचं तिने?” असं म्हणून सासूबाईंनी फोन उचलला आणि आपल्या शेजारच्या चटईवर, पाहुण्यांच्या खांबापाशी ठेवला. आमच्या घरात कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं असतं. मी सहा वर्षं या घरात आहे आणि माझी जागा मागे, चुलीच्या बाजूला आहे. माझ्या फोनला पहिल्याच संध्याकाळी खांब मिळाला.

तिथून पुढे फोन माझा राहिला नाही. ऑफिसातून आलो की तो माझ्या खिशातून निघायचा आणि झोपायच्या वेळेपर्यंत हाताला लागायचा नाही. सासूबाईंनंतर तासीचा नंबर. रग्बी खेळताना निखळलेला खांदा आणि संघातून निखळलेलं नाव, दोन्ही त्याने तिला सांगितलं. मग समोरची म्हातारी यायला लागली. सासरे पहिले दोन दिवस ‘यंत्र आहे ते’ म्हणत लांब बसले. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण त्यांनी सहज, आवाज लागतो का बघावा म्हणून, फोनच्या दिशेने म्हणून पाहिलं. भाषण मध्यावर आलं तेव्हा ती म्हणाली, “मी ऐकते आहे. पुढे सांगावं.” पुलेआफांना आजवर ‘आता आवरा’ असं पुष्कळांनी सुचवलं होतं. ‘पुढे सांगावं’ कुणी म्हणालं नव्हतं. त्या रात्री त्यांनी तिला गावातली सन्मानाची सगळी संबोधनं बहाल केली.

मला मात्र तिची पाच मिनिटंही मिळेनात. एकदा पहाटे उमू लावताना मी हळूच फोन घेऊन गेलो. म्हटलं, आता विचारून घेऊ, सासऱ्यांना कसं सांगायचं. तर ती म्हणाली, “आदरणीय फिलेमोनी, आपले गुडघे दुखतात, खांदा निखळला आहे, पाद्रीबाईंशी आपलं पटत नाही, आणि आपल्याला उत्तम वक्ता व्हायचं आहे. यातलं सर्वांत जास्त काय सलतं?” मी तिला समजावून सांगेपर्यंत दगड निवाले. त्या रविवारी तारो कच्चा राहिला. (तो इतर रविवारीही राहतो, असा एक मतप्रवाह घरात होता, हे मला पुढे कळलं.)

त्याच रविवारी चर्चहून आल्यावर जेवणं वाढली गेली. सासूबाईंनी फोनपुढे केळीच्या पानावर पहिलं ताट मांडलं. पालुसामी, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची पानं, मासा, तारोचा त्यातल्या त्यात शिजलेला तुकडा. पाहुणीला आधी, मग घरच्यांना. आणि पाहुणी जेवत असताना माश्या वारायचं काम घरजावयाचं. मी पंखा घेऊन माझ्याच फोनपुढे बसलो आणि जो मासा फोन खाणारच नव्हता, त्यावरच्या माश्या वारल्या. लितारा खांबाआड तोंड लपवून हसत होती. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. इतकी वर्षं मी या घरासाठी राबलो, आणि माझ्या मनात काय आहे ते कुणी विचारलं नव्हतं. ज्या एकीने विचारलं, ती माझ्या पुढ्यात पाहुणी होऊन बसली होती.

महिन्याचा शेवटचा गुरुवार उजाडला. पेनी ऑफिसात म्हणाला, उद्या शेवटचा दिवस, दुसरा माणूस किल्ली मागतोय. दिवसभर माझा पाय असा नाचला की आसेनातीबाईंनी माझं टेबल भिंतीला दोरीने बांधलं. बसमध्ये मी सगळ्या वाटेभर वाक्य जुळवत होतो आणि प्रत्येक थांब्यावर ते मोडत होतं. घरी आलो. प्रार्थना झाली. सासूबाईंनी फोनकडे हात केला आणि मी, मलाच कळलं नाही कसा, मध्ये पडून फोन उचलला.

“आज माझी पाळी,” मी म्हणालो.

आमची माणसं सभ्य आहेत. कुणीही हरकत घेतली नाही. उलट नीट ऐकू यावं म्हणून सगळे जरा पुढे सरकले. सासूबाई, सासरे, तासी, समोरची म्हातारी, आणि लितारा, जिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी ठरवलं की इकडेतिकडे बघायचंच नाही. फक्त फोनकडे बघायचं आणि जणू खोलीत आम्ही दोघंच आहोत असं बोलायचं.

“मला अपियात वेगळं घर करायचंय,” मी फोनला म्हणालो. “लिताराला घेऊन. मला भिंती हव्यात. दार हवंय. मला इथलं कुणी नकोसं झालेलं नाही, पण मला एकदा स्वतःच्या घरात पाय पसरून बसायचंय. उद्या उत्तर द्यायचंय आणि माझा धीर होत नाही.”

“हे आपण घरच्यांना सांगितलंत का?” तिने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते.

“आत्ताच,” मी म्हणालो.

लांब समुद्राचा आवाज येत होता. पुलेआफांनी घसा साफ केला. मी मान खाली घातली, कारण आता उजाडेपर्यंत भाषण ऐकावं लागणार होतं. पण ते एवढंच म्हणाले, “पेनीचंच घर ना? मागे नीरफणसाचं झाड आहे ते?”

मी थक्क झालो. मग कळलं की सगळ्या गावाला ठाऊक होतं. पेनीने आसेनातीबाईंना सांगितलं होतं, बाईंनी त्यांच्या मावशीला, आणि मावशी म्हणजे त्याच, बसमध्ये माझ्या मांडीवर बसलेल्या. पहिल्या आठवड्यापासून घरात सगळे वाट बघत होते. पुलेआफांनी सर्वांना ताकीद दिली होती की कुणी विषय काढायचा नाही, पुरुषमाणूस आहे, आपल्या तोंडाने सांगेल. “पण तू सांगेचनास,” ते म्हणाले. “तुझ्या पायाकडे बघून आम्हालाच झोप येईना.”

“मग आम्ही जाऊ?” मी विचारलं.

“जा की.”

इतक्या चटकन परवानगी मिळेल याची माझ्या मनाची तयारी नव्हती. मी चाचरत म्हणालो, पण रविवारची उमू? त्यावर तासी घाईघाईने म्हणाला, “मी लावीन. आनंदाने लावीन.” समोरची म्हातारी तर “देव पावला” म्हणाली. सासऱ्यांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं, पण तेही ओठ दाबून छपराकडे बघत होते. सहा वर्षं या लोकांनी माझा कच्चा तारो माझं मन राखण्यासाठी चावला होता.

सासूबाई मात्र रडायला लागल्या. मला भरून आलं. म्हटलं, निदान एक जीव तरी आहे. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, “आई, रडू नका. आम्ही दर रविवारी येऊ.”

“तुम्ही याल रे,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “पण हिला कशाला नेतोस? तिकडे दार लावून तुम्ही दिवसभर बाहेर. पोरीला आत्ता कुठे माणसं मिळालीत.”

मी सांगून पाहिलं की फोन माझा आहे, आत माझ्या कामाचे नंबर आहेत. पुलेआफांनी हात वर केला. गावसभेत निर्णय देताना करतात तसा.

“तू जा, मोनी,” ते म्हणाले. “ती राहील.”

शनिवारी आम्ही अपियाला आलो. लिताराने पडदे लावले, ती दिवसभर गाणं म्हणत या खोलीतून त्या खोलीत फिरत होती, दार उगीचच उघडून लावत होती. तिला इतकं खूष मी कधी पाहिलं नव्हतं. मीही पाय पसरून बसलो. भिंतीला पाठ टेकली. आणि माझा डावा पाय हलायला लागला.

घर शांत होतं. फार शांत होतं. खोकलो तर भिंत तेवढी खोकून दाखवायची, बरं नाही का रे असं कुणी विचारायचं नाही. लिताराजवळ बोलायची सोय नव्हती, एवढा हट्ट करून घेतलेल्या घरात मला करमत नाही हे कुठल्या तोंडाने सांगणार? आठवडाभर दम धरला. शेवटी एका संध्याकाळी ती स्वयंपाकात आहे असं पाहून तिचा फोन घेतला, घरामागे गेलो, भिंतीला चिकटून उभा राहिलो आणि माझ्याच नंबरवर फोन लावला. म्हटलं, समुपदेशकबाईंशी दोन शब्द बोलू.

सासूबाईंनी उचलला. तुझी ती बाई कामात आहे, म्हणाल्या, तुला काय होतंय ते मला सांग. मी म्हटलं काही नाही. त्यावर त्या अगदी तिच्यासारख्या सावकाश, मऊ आवाजात म्हणाल्या, “बरं. आणि त्या घरात गेल्यावर तुला कसं वाटलं?”

मग मला आवरेना. मी सगळं सांगितलं. भिंतींचं, शांततेचं, तासीच्या घोरण्याशिवाय झोप येत नाही त्याचं. लिताराला यातलं एक अक्षर कळू देऊ नका, तिचं मन मोडेल, असंही सांगितलं. बोलून संपलं तेव्हा पाय थांबला होता. कित्येक दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. तेवढ्यात पलीकडून पुलेआफांचा गावसभेतला आवाज आला.

“मोनी, पहिल्यापासून पुन्हा सांग. आणि जरा मोठ्याने. मागे बसलेल्यांना ऐकू आलं नाही.”

सासऱ्यांची आज्ञा. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने, मागच्यांपर्यंत पोचेल असं. फोन ठेवून वळलो, तर डोक्यावरची खिडकी उघडी होती आणि लितारा हातात डाव घेऊन उभी होती.

“पहिल्या खेपेलाच सगळं ऐकू आलं होतं,” ती म्हणाली. “दुसऱ्या खेपेला रडलास, ते मात्र जरा जास्त झालं.”